साळिंदराच्या बिळाची खूण

फार मागं, रानाला वाटा फुटायच्याही आधीची गोष्ट. तिथं काहीतरी होतं, कुणी न पाहिलेलं. ते कुणाच्याही बिळात लपे, त्या घरच्याचाच आवाज काढी आणि भर दुपारी शेजाऱ्यांची दारं वाजवी. "उघडा की!" दार उघडलं की पिल्लू नाहीसं.

म्हातारा साळिंदर दारोदार राख पसरी आणि पावलांचा माग काढी. माग ज्या बिळात शिरे, त्याची खूण तो वडाच्या खोडावर कोरी. मग त्या घरच्याला कुणी दार उघडत नसे.

एकदा सशिणीचं पिल्लू गेलं. माग काढत साळिंदर आला तो थेट स्वतःच्याच बिळापाशी. मागचं जुनं तोंड बुजवायचं राहून गेलं होतं. आत काहीतरी सावकाश श्वास घेत होतं.

साळिंदरीण म्हणाली, "अहो, आपलीच खूण कोरणार? मग आपल्याला कोण आत घेईल?"

"माग इथंच आलाय, बाई," म्हणत तो वडाकडे वळला.

दुसऱ्या दुपारी दोघं उघड्यावर, गवतात बसली होती. रानभर दारं वाजत होती. हुबेहूब साळिंदराचा आवाज म्हणत होता, "मीच आलोय, उघडा की!"

"किती गोड बोलतंय मेलं!" साळिंदरीण कुजबुजली.

एकही दार उघडलं नाही.