पितळी कोन

फार फार वर्षं लोटली या गोष्टीला. एका डोंगरखिंडीच्या तोंडाशी एक गाव होतं. तिथे कोंडाजी नावाचा सुतार राहत असे. त्याचं काम इतकं सुबक, की लाकडातला सांधा बोट फिरवूनही सापडू नये.

त्याची धाकटी बहीण सगुणा त्याच गावात दिलेली. घोंगड्या विणण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिचं नवं घर कोंडाजीने मोठ्या हौसेने बांधायला घेतलं. भिंती उभ्या राहिल्या, वासे चढले. आता वासे भिंतींना जखडायचे तेवढे राहिले.

राणबा लोहाराने रुंद लोखंडी पट्ट्या आणि आटे पाडलेले लांब खिळे पुढे केले. "कोंडाजी, पट्टी वाशावरून घे अन् दोन्ही बाजूंनी भिंतीत खोल उतरव. खिंडीतला वारा छप्पर दाबत नाही, उचलतो."

कोंडाजीने नाक मुरडलं. "माझ्या वाशांवर ही काळी ठिगळं? लोक हसतील मला."

त्याने बाजारातून वासा आणि भिंतीच्या सांध्यात बसणारे नाजूक पितळी कोन आणले आणि बोटाच्या पेराएवढ्या खिळ्यांनी बसवले. घरभरणीला आलेला जो तो वर बघून वाहवा करू लागला. सगुणा म्हणाली, "दादा, राजवाड्यालासुद्धा असं छप्पर नसेल!"

चैत्र सरता सरता, एका दुपारी खिंडीतून वादळ सुटलं. वारा वळचणीखाली शिरला. आखूड खिळे सुटले, कोन वाकले आणि छप्पर उचललं गेलं. सगुणा मागावर बसली होती. एक वासा तिच्या उजव्या हातावर कोसळला.

जीव वाचला. हात मात्र कायमचा गेला.

कोंडाजी तिच्या उशाशी बसला. त्याची मान वर होईना. सगुणाच म्हणाली, "दादा, मनाला लावून घेऊ नकोस. वाराच तसा होता."

"वारा दरसालच तसा असतो गं," तो पुटपुटला. "राणबाने सांगितलं होतं मला. राहणार तू होतीस, आणि मी बघणाऱ्यांचा विचार केला."

पुढे त्याने राणबाच्या पट्ट्या घालून नवं छप्पर चढवलं. ते कुठल्याच वादळात हललं नाही. सगुणाचा माग आता तिची जाऊ चालवी. सगुणा शेजारी बसून, धागा कुठे चुकतो ते सांगे. त्या मागाचा आवाज कानी आला, की कोंडाजी वाट बदलून जाई.

लहानथोरांनो, ज्या कामाच्या भरवशावर दुसऱ्याचा जीव असतो, त्यात देखणेपणाआधी मजबुती पाहावी.