दिवाणांची भाकरी

"मग एकही दोष नसलेला माणूस शोधायचा तरी कुठं, बाबा?"

दिवाण भास्करपंत धापा टाकत म्हणाले. संस्थानचा सगळा कारभार त्यांच्या हाती, आणि आज ते उन्हातून एकटेच डोंगर चढून नूरशाह फकिरांच्या झोपडीपाशी आले होते.

"पालखी कुठाय, पंत?"

"भोयांना पायथ्याशीच काढून टाकलं. पावलं जुळत नव्हती त्यांची."

"हं…" फकीर भाकरी थापत राहिले.

"शहरात रोज घरं फुटताहेत. उद्यापर्यंत कोतवाल नेमला नाही, तर महाराज मलाच घरी बसवणार."

"आधीचा कोतवाल?"

"घोरायचा."

"त्याच्या आधीचा?"

"चोर पकडायचा. पण तोंड फार शिवराळ."

"मग सध्या त्या जागेवर कोण आहे?"

"कोणीच नाही." पंत जरा ताठ झाले. "पण त्यामुळे त्या जागेबद्दल आता एकही तक्रार नाही."

फकिरांनी दाढी खाजवली. दाढीला पीठ लागलं.

"दरबारातही तेच, बाबा. भिंतीवर मोर काढून घेतला. एक पीस आखूड निघालं. पुसायला लावलं, तर चित्रकार रुसून निघून गेला."

"जेवलात का?"

"कालपासून नाही. आचाऱ्याला…"

"काढलंत."

"वरणात मीठ जास्त होतं. अगदी कणभर."

फकिरांनी तव्यावरची भाकरी उतरवून पुढे केली. पंतांनी ती हातात फिरवून पाहिली.

"ही गोल नाही. शिवाय इथं करपलीय."

"मग तुम्ही करा."

परात पंतांपुढे सरकली. पंतांनी बाह्या सारल्या. पहिली भाकरी थापतानाच चिरली. दाराशी शेळी बांधलेली होती; पंतांनी ती तिच्यापुढे टाकली. दुसरी लांबट झाली. शेळीपुढे. तिसरी खरोखरच चांगली जमली होती, पण फुगताना एका बाजूनं फुटली. पंतांनी डोळे मिटून तीही टाकली.

"पीठ द्या, बाबा."

"संपलं."

शेळीनं तृप्त होऊन ढेकर दिली.

फकिरांनी आपली वेडीवाकडी भाकरी मोडली, मिठाबरोबर खायला घेतली. पंत बघत राहिले. एक घास… दुसरा घास… पंतांच्या पोटातून मोठा आवाज आला. राजदरबारात असा आवाज कोणी काढला असता, तर त्याची धडगत नव्हती.

"बाबा… त्यातली थोडी…"

फकिरांनी अर्धी भाकरी त्यांच्या हातावर ठेवली. करपलेली बाजू नेमकी त्यांच्याच वाट्याला आली. पंतांनी ती खाल्ली. मांडीवर पडलेला चुराही वेचून खाल्ला.

मग बोटंही चाटली.

"तो शिवराळ कोतवाल…" पंत शेवटी म्हणाले. "आजच परत बोलावतो त्याला."

"शिव्या देईल."

"देऊ दे. चोरांना देईल… मलाही देईल थोड्या."

पंत उठले. मिशांना पीठ, अंगरख्याला राख. चार पावलं जाऊन ते पुन्हा वळले आणि हात जोडून अगदी मनापासून म्हणाले, "बाबा, माझ्यात काही दोष दिसला असेल तर स्पष्ट सांगा. उद्यापर्यंत काढून टाकतो."

फकिरांनी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"एक आहे, पंत. पण तो राहू द्या… त्यानंच तुम्हाला इथवर चालत आणलं."