चक्कर कुणी मारायची

"माझं काय चुकलं, तेवढं सांगा वस्ताद. चौदा वर्षं झाली."

दस्तगीर वस्ताद माझ्या पिकअपच्या मागच्या चाकाशी वाकून खाली बघत होते. त्यांना आता फारसं दिसत नाही, पण बघायची सवय मोडलेली नाही.

विचारणारा सुकुमार मगदूम, गॅरेजमधला सगळ्यात जुना शिष्य. टायरवर बसून ऐकणारा मी, गाडीचा मालक. माझी बेकरी आहे. या गाडीतून गावोगाव पाव आणि खारी जाते, आणि गेला महिनाभर त्या खारीला पेट्रोलचा वास मारत होता. गिऱ्हाईकं पुडे परत पाठवत होती. तेव्हा मी तिथं ज्ञान मिळवायला गेलो नव्हतो, हे आधीच सांगून ठेवतो.

सुकुमारचं दुखणं साऱ्या रस्त्याला माहीत होतं. येत्या शुक्रवारी वस्ताद हातातला पाना कायमचा खाली ठेवणार होते. त्यांना मूलबाळ नाही. गॅरेज कुणाच्या हाती देणार, ते त्यांनी सांगितलं नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी कुणी विचारलंही नसतं. सुकुमारच, आणखी कोण?

पण त्या गॅरेजची एक रीत आहे. काम झालं की गाडीची चक्कर मारायची, नदीच्या पुलापर्यंत आणि परत. वस्ताद शेजारी बसतात, काचा वर करतात आणि एक शब्द बोलत नाहीत. चालवायला ज्याला बसवतील त्याच्या हातावर त्यांचा भरवसा, असं सगळे धरून चालतात. चौदा वर्षं सुकुमार बसला. गेले दोन महिने सिदाप्पा कोरवी बसत होता.

हा सिदाप्पा सूतगिरणीतला. गिरणी बंद पडली तेव्हा चाळिशी ओलांडलेला. दोन वर्षांपूर्वी इथं येऊन पाने पुसायला लागला. वयानं सुकुमारपेक्षा मोठा, तरी त्याला सुकुमारदादा म्हणायचा. त्या 'दादा'नं सुकुमारच्या अंगाचा आणखीच तिळपापड व्हायचा.

माझ्या गाडीचं काम आधी सुकुमारनंच केलं होतं. पेट्रोलच्या टाकीजवळ एक काळा डबा असतो, आत कोळशाचे दाणे. टाकीतून उठणारी वाफ ते दाणे धरून ठेवतात आणि इंजिन चालू झालं की तिकडं जळायला पाठवतात. डबा बिघडला की वाफ बाहेर, म्हणजे माझ्या खारीत. सुकुमारनं नवा कोरा डबा बसवला. पाईप नवे, क्लिपा नव्या. बघत राहावं असं काम.

आठवड्याभरात पुन्हा वास.

आज वस्तादांनी ती गाडी सिदाप्पाला दिली. सुकुमारच्या देखत.

सिदाप्पानं पान्याला हातही लावला नाही. आधी माझ्याजवळ येऊन बसला आणि पेट्रोल कसं भरता, म्हणून विचारलं.

कसं म्हणजे? मी अगदी ऐटीत सांगितलं. पंपावरची नळी टक्क करून बंद झाली की तो माणूस म्हणतो झालं. मी नाही ऐकत. गाडी गदागदा हलवायची, बुडबुडे जाऊ द्यायचे, पुन्हा भरायला लावायचं. तोंडाशी पेट्रोल दिसलं पाहिजे. वीस वर्षं मी असंच भरतो.

त्यानं नुसती मान हलवली. मग वस्तादांना सांगितलं की दादांनी डबा उत्तम बसवलाय, त्यात काही खोट नाही. काकाच टाकी गळ्यापर्यंत भरतात. पेट्रोल वर चढून डब्यात शिरतं आणि कोळसा भिजून जातो. तो वाफेसाठी आहे, पेट्रोलसाठी नाही.

वीस वर्षं गाडी बाळगणाऱ्याला कालचा मिस्त्री चारचौघांत असं सांगतो म्हटल्यावर राग येणारच. मला आला.

सुकुमारला दुप्पट आला. सिदाप्पानं त्याची चूक काढली असती तर तो भांडला असता. पण त्यानं स्तुती केली. स्तुतीशी माणूस भांडणार कसा?

म्हणून तो प्रश्न. माझं काय चुकलं...

वस्ताद सरळ झाले. गाडीचा डबा त्यांनी काढून मागवला, दगडावर आपटून फोडला आणि आतले दाणे सुकुमारच्या ओंजळीत ओतले. काळे, ओले, जड.

"धर."

सुकुमारनं धरले. वस्ताद चहा प्यायला आत निघून गेले.

पेट्रोल बोटांच्या फटींतून मनगटावर उतरायला लागलं. झोंबत असणार. सिदाप्पा खाली पथारी टाकून नवा डबा बसवत होता, आणि हा पठ्ठ्या त्याच्याकडं बघत तसाच उभा. मी दोनदा टाक म्हणालो. ऐकायला कोण जागेवर होतं?

वस्ताद आले.

"अजून धरलंयस?"

"तुम्हीच धर म्हणालात."

"टाक म्हणायलाही मीच पाहिजे काय रे?"

सुकुमारनं दाणे टाकले. हात चिंधीला पुसले. तोंडावरचा राग मात्र पुसला गेला नाही.

दुपारी सिदाप्पाचं काम आटोपलं. तीन पाईप, दोन बोल्ट, सगळं दोनदा ओढून बघितलं आणि तो भाकरी खायला मागच्या झाडाखाली गेला. वस्ताद नमाजाला गेले. गॅरेजमध्ये राहिलो मी आणि सुकुमार.

सुकुमारनं इकडंतिकडं बघितलं. मला तो माणसांत धरत नसावा. गाडीखाली शिरला, टाकीकडून येणारा पाईप डब्यावरून उपसला आणि बाहेर येऊन दुसऱ्याच गाडीचं बॉनेट उघडून उभा राहिला.

मी बघितलं आणि गप्प बसलो. गाडी माझी, खारी माझी, तरी गप्प बसलो. चारचौघांत मला शिकवणाऱ्याची जरा जिरते तर जिरू दे, असं वाटलं, खोटं कशाला बोलू? माझ्या धाकट्या भावानं पलीकडच्या पेठेत बेकरी टाकली तेव्हा मीही त्याच्या पावाला नावं ठेवत गावभर फिरलो होतो. पाव चांगला होता, हेच तर दुखत होतं.

वस्ताद परतले. चक्कर मारायची वेळ झाली. सिदाप्पा सवयीनं पुढच्या दाराशी गेला.

वस्तादांनी किल्ली सुकुमारपुढं धरली.

"आज तू चालव."

दोन महिने ज्या किल्लीसाठी तो आतल्या आत जळत होता ती समोर आली, आणि नेमकी आज. त्याचा हात लगेच पुढं आला नाही. वस्ताद थांबून राहिले. शेवटी त्यानं ती घेतली.

वस्ताद खिडकीशी, मी मध्ये अंग चोरून, सिदाप्पा मागं हौद्यात. काचा वर. गियर बदलताना सुकुमारचा हात दोनदा चुकला.

पूल यायच्या आधीच वास आला.

"थांबव."

गाडी कडेला लागली. वस्तादांनी सिदाप्पाला खाली बोलावलं आणि पाईप बसवला होता ना, एवढंच विचारलं. तो बावरला. एकदा आमच्याकडं बघितलं, एकदा गाडीखाली.

"बसवला होता वस्ताद... पण वास येतोय, म्हणजे माझ्याच हातनं राहिला. बघतो."

तो वाकला. सुकुमारनं त्याचा दंड धरला.

"राहू दे सिदाप्पा. मी उपसला होता."

...

सिदाप्पानं खिशातली पक्कड काढून त्याच्या हातात दिली आणि पाणी आणतो म्हणून पलीकडच्या रसवंतीकडं चालायला लागला.

सुकुमार गाडीखाली शिरला. आमच्या वाट्याला नुसते त्याचे पाय. वस्ताद गुडघ्यावर हात टेकत त्या पायांशेजारी बसले. मी जरा लांब उभा राहिलो, पण कान काही लांब जात नाहीत.

खालून सुकुमारचा आवाज आला.

"गॅरेज त्यालाच देणार ना?"

"देत होतो. परवाच बोललो त्याला."

"मग...?"

"घेईना."

"का?"

"तुझं नाव सांगितलं त्यानं."

क्लिप बसल्याचा बारीक आवाज झाला. काम संपलं होतं, पण सुकुमार बाहेर येईना. पाय तसेच राहिले. मी रस्त्याकडं तोंड फिरवलं.

वस्ताद आणखी खाली वाकले.

"आता तू सांग. कुणाला देऊ?"