मनकर्णीची दाढ

फार जुन्या काळी एका तेलाच्या घाण्यावर मनकर्णी नावाची मांजर राहायची. एकदा तिची दाढ किडली. तिने खाणं सोडलं, अंग चाटणं सोडलं आणि डोळे मिटून ती कोपऱ्यात बसून राहिली.

उंदरांना वाटलं, मांजरीला वैराग्य आलं! त्यांचा म्होरक्या दगडोजी हार घेऊन आला. "माउली, उपदेश करा."

"अरे, दाढ दुखतेय माझी," मनकर्णी कळवळली. "मालकिणीला बोलवा कुणीतरी!"

"ऐकलंत?" दगडोजी गहिवरला. "दाढ म्हणजे संसार आणि मालकीण म्हणजे परमेश्वर!" मनकर्णीच्या तोंडातून लाळ गळू लागली, तर भक्तांनी ती तीर्थ म्हणून घेतली.

शेवटी मालकीण भागाबाईचं लक्ष गेलं. "एवढी खोडकर मांजर गप्प बसली, म्हणजे शहाणी नाही झाली, आजारी पडलीय," असं म्हणत तिने मनकर्णीला फडक्यात गुंडाळून वैद्याकडे नेलं. वैद्याने दाढ उपटली.

जखम भरल्यावर मनकर्णी कोपऱ्यात येऊन बसली. उंदीर दर्शनाला रांग लावून उभेच होते.

"माउली, आज काय सांगता?" दगडोजीने पाया पडत विचारलं.

"भूक लागलीय," मनकर्णी म्हणाली आणि तिने त्याला उचललं.

मागचे उंदीर त्या वाक्याचा अर्थ लावत रांगेत पुढे सरकले.