सत्तावीस नंबरची हजेरी

खिरणीमाळच्या हायस्कूलला कुणी पाहुणा आला, की त्याची नजर आधी व्हरांड्याच्या भिंतीकडे जाते. भिंत काळ्या दगडाची, पण तिच्यात जागोजागी गारगोटीचे पांढरे धोंडे बसवलेले. नक्षी म्हणावी तर तिला काही शिस्त नाही. भिंतीवर गुणवंतांचा फलक आहे. त्यावर तालुक्यात पहिली आलेली मुलगी आहे, खो-खोत राज्यापर्यंत खेळलेली दोघं आहेत, एक फौजदारबाई आहेत. सगळ्यांच्या वरची पहिली ओळ मात्र कोरी आहे, खरवडलेली. आणि खाली, भिंतीच्या पायाशी, एक पांढरा धोंडा सुटा पडलेला असतो. निम्मे पाहुणे त्याला ठेचकाळतातच.

मग निवृत्त शिपाई गेणूमामा टोपी सारखी करून सांगायला बसतात. शाळा अवघी तीस वर्षांची. एवढ्या लहान वयात तिला आख्यायिका चिकटावी, हे जरा नवलच. गावात कुणी म्हणतं, एका पोरीची हाय लागली म्हणून त्या ओळीवर रंग टिकत नाही.

"तसलं काय न्हाई," मामा म्हणतात. "रंग चांगला ऑइलपेंट हुता. खरवडायला सरांची सगळी सकाळ गेली."

सर म्हणजे घोलप सर, शाळेचे पहिले मुख्याध्यापक. असे सांगतात, की शाळा सुरू झाली तेव्हा वर पत्रे होते आणि खाली मुरूम; भिंती नव्हत्याच. सरांनी नेम केला, उशिरा येणाऱ्यानं ओढ्यातून एक धोंडा आणायचा. छडी नाही, अंगठे धरणं नाही. धोंडा टाका आणि वर्गात बसा. शिक्षेची शिक्षा आणि भिंतीची भिंत. या युक्तीचा सरांना मोठा अभिमान होता.

शेवंता बिरू मासाळ रोज उशिरा यायची. हजेरीपटावर तिचा सत्ताविसावा नंबर. बाप मेंढरांमागे मुलूखभर फिरणारा, आई सदा आजारी. कोकरांचं बघून, पाणी भरून, पलीकडच्या वस्तीवरनं ओढा ओलांडून ती येईतो प्रार्थना संपलेली असे. तिच्या बाजूच्या काठाला पांढरे धोंडे होते, तेच ती आणायची. कधी कुरकुर नाही. दोन वर्षांत भिंत उभी राहिली, तेव्हा जिथे पांढरा धोंडा नाही असा हातभर तुकडा तिच्यात सापडेना.

अभ्यासात मात्र शेवंता मागे होती, गणितात तर पारच. नववी संपली आणि सरांना निकालाची धास्ती पडली. पुढच्या वर्षी शाळेची पहिली दहावी. अनुदानाचा प्रस्ताव वर गेलेला, आणि शिक्षण खात्याचे साहेब म्हणाले होते, पहिला निकाल दाखवा, मग बघू. चार शिक्षक बिनपगारी राबत होते. सरांनी पट पुन्हा पुन्हा चाळला आणि दर वेळी बोट एकाच नंबरावर अडलं.

मे महिन्यात त्यांनी शेवंताला बोलावून शाळा सोडल्याचा दाखला हातात ठेवला. "सतरा नंबरचा फॉर्म भर," ते म्हणाले, "आणि तालुक्याच्या केंद्रावर बाहेरून परीक्षेला बस. त्यानं शाळेचं भलं होईल." दाखल्यावर कारण लिहिलं होतं, 'पालकांच्या विनंतीवरून'. पालक तेव्हा मेंढरं घेऊन कोकणात होते. पोरीनं दाखल्याची नीट घडी घातली, सरांच्या पाया पडली आणि गेली. पटावर सत्तावीस नंबरावर लाल शाईची रेघ आली. ती मारताना आपला हात जरासुद्धा थरथरला नाही, हे सरांना पुढे जन्मभर टोचत राहिलं, असं म्हणे त्यांनीच मामांना सांगितलं.

दहावीचा निकाल लागला, शंभर टक्के. गावानं हलगी लावली, गुलाल उधळला, सरांना खांद्यावर घेऊन मिरवलं. पेंटरनं फलकाच्या पहिल्या ओळीत लाल अक्षरांत लिहिलं, 'प्रथम वर्ष, निकाल १००%'. आठ दिवसांनी सत्कार ठरला. साहेब यायचे होते.

सत्काराच्या आदल्या दिवशी दुपारी शेवंता आली. हातात पेढ्यांचा पुडा आणि गुणपत्रिका. पास झाली होती. गणितात छत्तीस होते, पण पास होती. सर खुर्चीतून अर्धवट उठले आणि तसेच राहिले. म्हणजे पोरीला शाळेत ठेवलं असतं, तरी शंभरच टक्के लागले असते!

"सर, पेढा घ्या," ती म्हणाली. "मी कुणाला बोलले न्हाई. आईलाबी न्हाई. गाव म्हनतंय शेवंतानं शाळा सोडली, तर म्हनू द्या म्हनलं." मग फलकाकडे बघून तिचा चेहरा फुलला. "त्या शंभरात माझाबी वाटा हाय न्हवं, सर? मी भाईर गेले, म्हनून तर आलं."

टोमणा असता तर सरांनी सोसला असता. पण ती मनापासून विचारत होती. शाळेला आणखी एक धोंडा हवा होता आणि तो आपण आणला, एवढंच तिला ठाऊक होतं. तिच्यामागे भिंत होती, आणि भिंतीतले सगळे पांढरे धोंडे उन्हात चमकत होते. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "हो," एवढंच ते म्हणाले. पेढा त्यांच्या हातात तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोक मांडव घालायला आले, तर सर स्टुलावर उभे राहून पत्र्याच्या तुकड्यानं फलक खरवडत होते. कुणाच्या हाकेला ओ देईनात. साहेब आले, हार घालायला पुढे झाले, तेव्हा सरांनी माईक ओढून घेतला आणि सगळं सांगितलं. नापास होईल म्हणून पोरीला आपण काढलं, दाखल्यावर खोटं कारण लिहिलं, हा निकाल निर्मळ नाही. साहेब चहा न घेता गेले. अनुदान दोन वर्षं लांबलं, दोन शिक्षक सोडून गेले, आणि आमच्या गावानं सरांशी बोलणं टाकलं. आधी खांद्यावर घेतलं होतं त्यांनीच टाकलं.

पण सरांना खरं लागलं ते वेगळंच. शेवंता मांडवात मागे उभी होती. सर तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, "वरच्या ओळीत तुझं नाव लिहितो."

कालचा फुललेला चेहरा कुठल्या कुठे गेला होता. "नगा लिवू, सर," ती म्हणाली. "मी हितली पास न्हाई. हितनं काढलेली हाय. मला काल ठावं नव्हतं."

खरं बोलून आपण तिच्याजवळचा तेवढाही आनंद काढून घेतला, हे सरांना तिथेच कळलं, आणि मान खाली गेली ती गेलीच.

पुढच्या वर्षीपासून सरांनी रिवाज पाडला. सत्काराच्या दिवशी आधी तो जुना पट बाहेर काढायचा आणि हाक मारायची, "सत्तावीस, शेवंता बिरू मासाळ." मग थांबायचं. शेवटी त्या वर्षी सर्वांत कमी गुणांनी पास झालेल्या मुलानं किंवा मुलीनं उठून तिच्या वतीनं "हजर, सर" म्हणायचं. पहिला पेढा त्यालाच. पहिल्या नंबराचा सत्कार त्यानंतर.

वर्षं गेली. सर निवृत्त झाले, काठी टेकू लागले. शाळेच्या पंचविसाव्या वर्षी हाक मारायला त्यांनाच बोलावलं होतं. त्यांनी पट उघडला, नाव घेतलं आणि थांबले. शेवटच्या नंबराची मुलगी उठायच्या बेतात होती. तेवढ्यात भिंतीजवळच्या बायकांतून आवाज आला.

"हजर, सर."

सगळ्या मांडवानं माना वळवल्या. सरांनी वळवली नाही. त्यांना धीर झाला नाही म्हणे. ते पटावरच्या लाल रेघेकडे बघत राहिले, आणि या खेपेला त्यांचा हात इतका थरथरला, की पट मामांना धरावा लागला. कार्यक्रम संपल्यावर ते मागे वळले, तोवर बाई निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी शाळा भरल्यानंतर सर आले. एका हातात काठी, दुसऱ्या हातानं पोटाशी धरलेला ओला पांढरा धोंडा. पलीकडच्या काठावरनं आणला होता. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. मामा धावले, म्हणाले, "सर, ह्या वयात ह्ये काय?"

"उशिरा येणाऱ्यानं धोंडा आणायचा," सर म्हणाले. "नेम माझाच आहे."

मामांनी गवंड्याला बोलावतो म्हटलं, तर सरांनी हातानंच थांबवलं. "हा बसवू नका. ही भिंत तिची आहे."

सर गेले त्याला आता तीन वर्षं झाली. आजही दर जूनला पट निघतो, सत्तावीस नंबर पुकारला जातो आणि शेवटचा नंबर तिच्या वतीनं हजेरी देतो. आजही वरची ओळ कोरी आहे. आणि व्हरांडा झाडताना पोरं तो सुटा धोंडा उचलतात, खालचा केर काढतात आणि पुन्हा होता तिथेच ठेवतात.