मापट्यावरची शीग

या, पाय आत घ्या. गुंड्या, गोधडी ओढू नकोस, सगळ्यांना पुरते ती. आणि मध्येच बोलायचं नाही. कुणी बोललं की मी थांबले म्हणून समजा.

एकदा काय झालं, एका गावात एक कासार होता. भिवबा त्याचं नाव. कासार म्हणजे बांगड्या भरणारा, बरं का. खांद्यावर बांगड्यांच्या माळा टाकून गावोगाव हिंडायचा. बाईचा हात हातात घेतला, की डोळे मिटून तिच्या बांगडीचं माप सांगायचा. पण स्वतःच्या घरात पीठ किती नि तेल किती, हे त्याला कधी माहीत असेल तर शपथ! घरी येताना दिसेल ते घेऊन यायचा. आज पेढे, उद्या पंखा, परवा रंगीत चटई. "असू दे, घरात लागतंच," म्हणायचा.

त्याची बायको तुळजा. माहेरची लाडाची. हाताला चव, बोलायला गोड, पण आज काय शिजवायचं आणि उद्याला काय ठेवायचं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. आणि तिनेही कधी कुणाला विचारलं नाही. घर चालवायची तिची सासू. तुळजा तिला आत्याबाई म्हणायची. आणि भिवबा-तुळजाची एकुलती एक पोर, ठकू. तेव्हा सात वर्षांची.

मग एके दिवशी आत्याबाई आजारी पडल्या. सकाळची वेळ. त्यांनी सुनेला जवळ बोलावलं आणि उशाखालून एक पितळी मापटं काढलं. धान्य मोजायचं माप असतं ना, तेच. जुनं, काठाला पोचे आलेलं.

"सूनबाई, हे घे. रोज सकाळी एकदाच रिकाम्या रांजणात बुडव नि वर काढ. घराला त्या दिवशी जे लागेल ते निघेल. पण काठावरून तळहात फिरव. सपाट माप घे. शीग लावू नकोस."

शीग कळली का? मापाच्या वर ढीग चढतो ना टोकदार, ती शीग.

"लावली तर काय होतं, आत्याबाई?"

"शीग उद्याची असते, बाई."

कुणाच्या उद्याची, हे तुळजाने विचारायला हवं होतं की नाही? नाही विचारलं. तिच्या मनात आलं, एवढं जादूचं मापटं घरात असताना ही म्हातारी आयुष्यभर आम्हाला आमटी-भातावर का ठेवत होती! तिसऱ्या दिवशी आत्याबाई गेल्या.

दुखवट्याचं वर्ष नीट गेलं. तुळजा रोज तळहात फिरवायची. खाऊन-पिऊन सुखी होती तिघं. मग आली संक्रांत.

संक्रांतीला बायका हळदीकुंकू करतात, आलेल्या बायकांना वाण लुटतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. चिमूटभर हळद दिली तरी ते वाणच. पण वरच्या आळीत एक अंबूताई होती. तिने त्या वर्षी लाकडी फण्या लुटल्या. घरी येताना बायकांच्या तोंडी तेच. अंबूताईच्या फण्या, अंबूताईच्या फण्या. तुळजाला ते काही सहन झालं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने मापटं रांजणात बुडवलं, मनात आरसे धरले आणि तळहात फिरवलाच नाही. मग काय! आरशांची शीग चढायला लागली. चढता चढता चुलीवरच्या फळीला लागली, तेव्हा तिने हात फिरवला. आळीभर बायकांना चांदीच्या काठाचा एकेक आरसा. "तुळजाबाईंचा हात मोठा हो!" सगळ्या म्हणाल्या. तुळजाला त्या रात्री गोड झोप लागली. घरात काही कमी झालं नाही. दुसऱ्या दिवशी मापटं पुन्हा सपाट भरलं.

वर्ष सरलं. ठकूचा परकर काही आखूड झाला नाही. तुळजाने तो धुऊन तिला पुन्हा घातला आणि म्हणाली, "बरं झालं बाई, कापड वाचलं."

वाचलं म्हणे!

मग दुसरी संक्रांत. अंबूताईने पितळी वाट्या लुटल्या. तुळजाने काय केलं? निरांजनं. घडीव, जड, पाच वातींची. शीग आढ्याला टेकली. बायका पदराखाली निरांजन लपवून घरी गेल्या, कारण एवढं मोठं वाण घेताना त्यांनाच लाज वाटत होती. पुढे वर्षभर आळीतल्या पोरांचे दात पडत होते, नवे येत होते. ठकूचे मात्र उरलेले दुधाचे दात जागच्या जागी. भिवबाने लेकीला संक्रांतीच्या बांगड्या भरायला हात धरला, तर जुन्याच नीट बसत होत्या. "वा!" तो हसून म्हणाला. "माझी पोर शहाणी. बापाला खर्चात पाडत नाही."

साऱ्या मुलखातल्या बायकांची मनगटं त्याला पाठ. आपल्या लेकीचं मनगट दोन वर्षं एकाच मापाचं कसं राहिलं, हे त्याला दिसलं नाही. मला अजून राग येतो त्याचा. माणूस चांगला होता, पण राग येतो.

मग तिसरी संक्रांत. अंबूताईने तांब्याचे तांबे लुटले. तुळजा म्हणाली, आता एकदाच असं करायचं की पुन्हा कुणी तोंड उघडायला नको. तिने मनात लुगडी धरली. रेशीमकाठी. सकाळी मापटं बुडवलं ते दुपारपर्यंत शीग चढतच होती. चुलीपासून ओसरीपर्यंत लुगडीच लुगडी. तिला वाटत होतं आता हात फिरवावा, आणि वाटत होतं, अजून एक, अजून एकच.

मग दुपारी बायका आल्या. अंबूताईही आली, आणि तिच्यामागून तिची लेक कृष्णी. कृष्णी नि ठकू एकाच आठवड्यातल्या. बारशाचा पाळणासुद्धा दोघींना एकच, या घरचा त्या घरी गेलेला. कृष्णी कमरेवर पाण्याची कळशी घेऊन आली होती. दहा वर्षांची, हाडापेराने मजबूत झालेली. आणि तिला बघून ठकू नाचत बाहेर आली. ती कृष्णीच्या खांद्यालासुद्धा पोचेना.

एक परगावची म्हातारी बसली होती. तिने ठकूच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "ही धाकटी वाटतं? गोड आहे हो. थोरली कुठंय?"

तुळजाच्या हातात लुगडं होतं, ते हातातच राहिलं. तिने ठकूकडे बघितलं. तोच परकर. त्याच बांगड्या. तेच दात. मग तिने आत वळून बघितलं. मापट्यावर शीग अजून चढतच होती.

ती धावली आणि तिने काठावर तळहात आपटला. शीग थांबली. पण झालेलं झालं होतं. कुणाच्या उद्याची ते तिला तेव्हा कळलं. बसली खाली. इतकी रडली, इतकी रडली, की बायका आपापलं वाण घेऊन मुकाट्याने उठल्या. घेऊन उठल्या हं. ठेवून कुणी नाही गेली.

मग तिच्या मनात आलं, सगळं परत आणावं. मापट्यात परत घालावं. ती निघाली. पहिल्या घरी गेली, तर आरशाला तडा गेलेला, पोरं त्याने कवडसे पाडत होती. दुसऱ्या घरी निरांजन माळ्यावर, अडगळीत. "एवढ्या पाच वातींना तेल कुठून आणायचं?" ती बाई म्हणाली. तिसरं घर अंबूताईचं. दुपारचंच लुगडं, आणि ते तिने घरी पोचायच्या आत आपल्या कामवालीला देऊन टाकलं होतं. "रंग काही मला शोभेना गं," म्हणाली. "तू कशाला आली होतीस?"

तुळजाच्या ओठांवर आलं होतं. पण दिलेलं वाण परत मागतात का कधी? लुटलेलं ते लुटलेलं. तिने तेवढंच म्हटलं, "तिळगूळ द्यायचा राहिला होता." आणि रिकाम्या हाताने घरी आली.

काय वाईट वाटलं असेल तिला! लेकीची तीन वर्षं तिने वाटली, आणि ज्यांना वाटली त्यांना ती नकोच होती.

घरी येऊन ती मापट्यासमोर बसली. मग तिने विचार केला. सासू असताना केला असता तर बरं झालं असतं, पण तेव्हा केला. शीग उद्यातून येते. तर मग मापटं काठोकाठ न घेता थोडा खळगा ठेवला, तर तो खळगा उद्यात जात असेल का?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सपाट माप घेतलं आणि त्यातली एक मूठ परत रांजणात टाकली. ती मूठ तिच्या ताटातली. नवऱ्याच्या नाही, लेकीच्या तर नाहीच. रोज एक मूठ. भिवबा विचारायचा, "तू का जेवत नाहीस नीट?" ती म्हणायची, "भूकच नाही हल्ली." त्याला तेही खरं वाटायचं. पंखे नि चटया मात्र तिने बंद केल्या. त्यानंतर पहिल्यांदा आणलेली चटई तिने त्याला त्याच पावली परत करायला लावली. भिवबा चिडला, आठवडाभर बोलला नाही. मग बोलला.

संक्रांत आली की तुळजा चिमूट चिमूट हळद द्यायची. बायका तोंडावर पदर धरून हसायच्या. ज्यांच्या अंगावर तिचीच लुगडी होती, त्यासुद्धा.

मूठ टाकायला लागल्यापासून आठ महिन्यांनी एका सकाळी ठकू चुलीपाशी आली आणि म्हणाली, "आई, दात हलतोय." तुळजाने भाकरी तव्यावर तशीच ठेवली आणि पोरीला पोटाशी धरलं. भाकरी जळून कोळसा झाली. त्या घरात फुकट गेलेली ती शेवटची भाकरी.

मग ठकू वाढायला लागली. परकर आखूड झाला, बांगडी मनगटात अडकायला लागली. पण तीन दुपारी उधळलेलं भरून काढायला तुळजाला नऊ वर्षं लागली, बरं का. ठकूच्या लग्नात भिवबाने तिला मोठ्या मापाचा हिरवा चुडा भरला. तेव्हा तुळजा मांडवात होती, वाळून काडी झालेली. तिने लेकीच्या ओटीत नारळ घातला, आणि नारळाखाली ते मापटं.

"शीग लावू नकोस," म्हणाली.

"कुणाच्या उद्याची असते, आई?" ठकूने विचारलं. तिने विचारलं. आणि आईने तिला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

पुढे सगळी सुखात नांदली. गोष्टीत तसं म्हणायचं असतं. तुळजा त्यानंतर फार दिवस नव्हती. आणि ठकू वाढली खरी, पण पुरती नाही. चार बोटं कमी राहिली ती राहिलीच. गेलेलं सगळंच काही मुठीमुठीने परत येत नाही.

काय गुंड्या? मध्ये बोलायचं नाही म्हटलं होतं ना? हो. म्हणूनच फळीवरचा डबा काढायला मला तुझ्या बापाला हाक मारावी लागते.

मापटं चुलीपाशी पालथं आहे. त्याला हात लावायचा नाही. उद्या सकाळी मी तांदूळ घेताना उठून बघा, तळहात कसा फिरवायचा ते. आता डोळे मिटा. झोपा.