बाबांचं ‘असू दे’

जाईजुईच्या मळ्याकाठी, चिमुकल्या कौलारू घरात हंसा राहायची. तिचे बाबा फुलारी. त्यांनी गुंफलेल्या हारांवर फुलपाखरंसुद्धा वेल समजून बसायची. पण एके दिवशी बाबांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात लुळा पडला, तोंड जरासं वाकडं झालं, शब्द बोबडे झाले. हंसाची ‘अंसा’ झाली.

घरात पीठ थोडं, पण माया फार. आई बाबांना घास भरवी, सदऱ्याची गुंडीसुद्धा लावून देई. “तुम्ही नुसते पडून राहा हो,” म्हणे. हंसा हसली की दटावी, “खिदळू नकोस गं, बाबा आजारी आहेत.”

बाबा पुटपुटत, “असू दे,” आणि भिंतीकडे तोंड फिरवत.

“आता कशातच मन नाही यांचं,” आई डोळे पुसत म्हणे. बाबांच्या डोळ्यांतली चमक रोज थोडी थोडी विझत होती. हात काय, आज ना उद्या हलेल. पण बाबा आतूनच मावळले तर? हंसाला त्याचीच भीती वाटे.

एका सोनेरी सकाळी फुलं खुडताना तिला वेलीत एक इवलीशी परी दिसली! केशरी झगा, अबोली पंख, आणि एक पंख कोळ्याच्या जाळ्यात अडकलेला. हंसाने हळूच फुंकर घालत, जाळं न फाडता, तो सोडवला.

“कोळ्याचीसुद्धा काळजी?” परी किणकिणली. “माग, एक इच्छा माग!”

“माझ्या बाबांना बरं कर!”

“ते माझ्या छडीचं काम नाही, बाळे. त्याला दिवस लागतात. आणि दुसऱ्यासाठी मागायचं, तर आधी त्याला विचारायचं. हा आमचा नियम.”

विचारायचं? हे तर कुणाला सुचलंच नव्हतं! परीला वेणीत बसवून हंसा घरी धावली.

“बाबा, तुम्हांला काय हवंय?”

बाबांनी चमकून पाहिलं. “असू दे.”

इतक्यात परागांनी परीला शिंक आली. आक् छीं! घरभर सोनचुरा उडाला आणि आईचं नाक पिवळंधमक झालं. हंसा खुदकन हसली.

“श्श! बाबा...”

“असू दे!” बाबांनी डाव्या हाताने खाट बडवली. “अंसा... असू दे!”

हंसा थबकली. अंसा म्हणजे हंसा. मग असू दे म्हणजे...

“आई! बाबा म्हणतायत, हसू दे! हंसाला हसू दे!”

बाबांनी जोरजोरात मान डोलावली.

“अगंबाई!” आई मटकन खाली बसली. “आणि मी मेली त्यांच्यासाठीच तुझं तोंड दाबत होते!”

परी हंसाच्या कानाशी कुजबुजली, “हसायला परी कशाला हवी? तुझी इच्छा अजून शिल्लक आहे. पुन्हा विचार.”

“बाबा, आणखी काय हवं?”

“आर.”

“हार!” मायलेकी एकदम ओरडल्या.

‘तुमच्याच्यानं कसं होईल?’ असं आईच्या ओठांवर आलं होतं. तिने जीभ चावली आणि फुलांची परडी पुढे सरकवली. परीने छडी फिरवली, तसा एक रुपेरी दोरा हवेत आपोआप ताठ झाला. बाबा डाव्या हाताने फूल धरत, हंसा गाठ मारी. फुलं निसटत, बाबा चिडत, पुन्हा धरत. शेवटी हार झाला! एकीकडे बारीक, एकीकडे जाड.

आईने तो गळ्यात घातला. “अहो, हा हार आहे की दुधी भोपळा?”

बाबा खो खो हसले.

घर लख्ख उजळलं. “दोरा तुम्हांलाच ठेवा. तो कधी संपायचा नाही!” असं म्हणत परी त्या उजेडात विरघळून गेली.

बाबांनी लांबच लांब दोऱ्याकडे पाहिलं आणि एकही अक्षर न सांडता म्हणाले,

“उद्या!”